रक्ताच्या रिपोर्टात जंत दिसतात का?

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा 9 वर्षांचा. सकाळी उठला की शिंका सुरू, रात्री दात खातो, झोपेत शीच्या जागी खाजवतो. एका लॅबमध्ये पॅकेज तपासणी केली. पांढऱ्या पेशी 8200, त्यात ईओसिनोफिल 9 टक्के, आयजीई 640. ‘पोटात जंत आहेत’ असं तिथल्या माणसानं सांगितलं. चार महिन्यांत तीनदा गोळी दिली, तरी आकडे तेवढेच. सासूबाई नट्टीला (भातलावणीला) अनवाणी जातात, त्यांना धाप लागते, हिमोग्लोबिन 7.8 आलंय. त्यांचंही जंतासाठी रक्त तपासू का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, जंत आहेत असं त्या रिपोर्टात कुठेच लिहिलेलं नाही. जंत राहतात आतड्यात. रक्तात दिसते ती शरीराची प्रतिक्रिया, आणि ती धुळीच्या अॅलर्जीनं, दम्यानं, काही औषधांनीही तशीच येते. ईओसिनोफिल ही पांढऱ्या पेशींची एक जात; 8200 चे 9 टक्के म्हणजे 738. साधारण 500 पर्यंत आपण ठीक मानतो. सकाळी शिंकणाऱ्या मुलांत एवढी वाढ मी नेहमी बघते. आयजीई या अॅलर्जीत वाढणाऱ्या रक्तातल्या घटकाचंही तेच. तीन गोळ्यांनंतरही आकडे हलले नाहीत, तर आधी त्या शिंकांकडे बघायला हवं.

उलटंही घडतं. मोठे गोल जंत आतड्यात स्थिरावले की ईओसिनोफिल पुष्कळदा खाली येतात. पोटात जंत आणि रक्त अगदी स्वच्छ. जंतांविरुद्ध शरीर जी प्रथिनं बनवतं, त्या अँटीबॉडीची तपासणीही कुणी सुचवेल. त्या अँटीबॉडी जंत गेल्यावरही कित्येक महिने रक्तात राहतात, आणि एका जंताची अँटीबॉडी दुसऱ्याच्या तपासणीत पॉझिटिव्ह दाखवते. त्यावर पैसे घालवू नका.

दात खाण्याचा जंतांशी संबंध लावू नका. रात्रीच्या खाजेचा मात्र असू शकतो. सुतासारखे बारीक पांढरे जंत रात्री बाहेर येऊन शीच्या जागेभोवती अंडी घालतात. ती रक्तात सापडणार नाहीत, शौचातही क्वचितच. सकाळी मुलगा उठल्या उठल्या, शी-आंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबा आणि लॅबमधून आणलेल्या काचेवर चिकटवून द्या. असं सलग तीन सकाळी करा. अंडी सापडली तर डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यायची, दोन आठवड्यांनी पुन्हा. एकट्या मुलाला दिली तर भावंडांकडून, अंथरुणातून, नखांतून अंडी परत त्याच्या पोटात जातात.

आता सासूबाई. मला खरी काळजी त्यांची वाटते. आपल्याकडे चिखलात अनवाणी उभं राहून राबणाऱ्या बायकांत अंकुशकृमीचा विचार करावाच लागतो. त्याची अळी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि मोठा झालेला जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. त्यातल्या एका जातीचा एक जंत दिवसाला 0.2 मिलिलिटरपर्यंत रक्त घालवतो. असे शंभर असले तर रोज चार चमचे. हिमोग्लोबिनची तपासणी हे नुकसान दाखवते, चोर दाखवत नाही.

अशाच एका भातकरी बाईंचं हिमोग्लोबिन 6.4 होतं. शौचाचे दोन नमुने निर्मळ आले. घरचे म्हणाले, आता पुरे. मी तिसरा मागितला. काचेवर एकच अंडं सापडलं : पातळ कवच, आत चार पेशींचा पुंजका, भोवती काचेसारखी स्वच्छ जागा. तेव्हापासून एका नमुन्यावर मी कधीच थांबत नाही.

म्हणून सासूबाईंच्या शौचाचे तीन नमुने वेगवेगळ्या दिवशी द्या. सुपारीएवढं पुरे, कोरड्या रुंद तोंडाच्या डबीत, लघवी-पाणी मिसळू न देता. काही तासांत पोचवा. उन्हाळ्यात ही अंडी दिवसभरात फुटून अळ्या होतात. नमुने गोळीच्या आधी द्यायचे.

रक्ताची अँटीबॉडी तपासणी मी एकाच ठिकाणी आवर्जून मागते : स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या जंतासाठी. तो शौचात सहज निसटतो, आणि स्टेरॉइड सुरू केल्यावर अंगभर पसरून जिवावर उठू शकतो. सासूबाई दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड घेत असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा.

जंत सापडले तरी गोळीनं रक्त भरून येत नाही, लोहाच्या गोळ्या लागतील. आणि नाही सापडले तर रक्त कुठं जातंय ते शोधावं लागेल. 7.8 आणि धाप, एवढ्यावर नट्टी संपायची वाट बघू नका. याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात न्या.