सोलापूरहून अंदमानातल्या एखाद्या आडबाजूच्या बेटावर, जंगलातल्या एकट्या झोपडीत आठ दिवस राहणं जमेल का? सोबत 68 वर्षांची आई आहे.

जमेल. आम्ही राहून आलोय. फेब्रुवारी 2024 ची गोष्ट. मी, आमचे हे, अकरा वर्षांची लेक आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. गड्डा, म्हणजे आपली जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, उरकल्याशिवाय सासूबाई सोलापूर सोडत नाहीत, म्हणून फेब्रुवारी. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. प्रवासातली जाणकार वगैरे नाही, त्यामुळे आपल्या गावच्या माणसानं ओट्यावर बसून सांगावं तेवढंच सांगते.

आधी तुमचे आठ दिवस मोजू. सोलापूरहून रेल्वेनं चेन्नई किंवा हैदराबाद, तिथून विमान. चेन्नईहून दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर. (आम्ही गेलो तेव्हा पोर्ट ब्लेअरच होतं, त्याच वर्षी सप्टेंबरात श्री विजयपुरम झालं.) चेन्नईहून जहाजही जातं, पण त्यात अडीच-तीन दिवस मोडतात. पोर्ट ब्लेअरला एक मुक्काम करावाच लागतो, कारण पुढची बोट बहुतेक सकाळी लवकर असते. आणि मराठी माणूस तिथं उतरून सेल्युलर जेल न बघता पुढं जात नाही. सासूबाई सावरकरांच्या कोठडीपुढं चप्पल काढून उभ्या राहिल्या, तिथंच अर्धा तास गेला. परतीला पुन्हा हेच सगळं उलटं. म्हणजे सोलापूर ते पोर्ट ब्लेअर जाणं-येणं सोडून आठातले झोपडीत चार धरा, आणि दोन दिवस बोटीच्या नावानं सोडून द्या. हे दोन दिवस का, ते पुढं येईल.

बेट कुठलं? स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, म्हणजे 2018 पर्यंतची हॅवलॉक आणि नील, सुंदर आहेत. पण तुम्ही विचारताय तो एकांत तिथं आता पैसे टाकूनच मिळतो. आम्ही लाँग आयलंडला गेलो. मध्य अंदमानच्या पूर्वेला, लहानसं गाव, गावात गाड्यांचा आवाज नाही. एके काळी इथं प्लायवूडचा कारखाना होता, तो केव्हाच बंद पडलाय. पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेटीवरून सरकारी बोटीनं पाच-सहा तास. दुसरा रस्ता असा की अंदमान ट्रंक रोडनं रंगत या गावी जायचं आणि येरट्टा जेटीवरून छोटी बोट धरायची. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्यानं सोडतात, मध्ये थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे, तरी लोक काचेला नाक लावून बसतात म्हणे. मला ते पटलं नाही. माणसं काय बघायला जायची वस्तू आहेत? आम्ही जाता-येता बोटच धरली.

जेटीवर उतरल्यावर झोपडीवाल्यानं डुंगी पाठवली होती. डुंगी म्हणजे इंजिन लावलेली लाकडी होडी, तिथला हाच शब्द. डुंगी चालवणारा सासूबाईंना हात देताना हिंदीत काहीतरी सांगत होता, मध्येच स्वतःशी तेलुगूत पुटपुटला. मी सोलापूरच्या पूर्व भागात लहानाची मोठी झालेली, शेजारी सगळे तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, त्यामुळे तेलुगू कानावर पडली की जीभ सुटते. मी उत्तर दिल्यावर तो इतका खूश झाला की पुढचे दिवस आमच्यासाठी शहाळी येत राहिली. अंदमानात बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडचे असे सगळे पिढ्यान् पिढ्या वसलेत आणि एकमेकांशी हिंदीत बोलतात. भाषेची काळजी करू नका.

झोपडी खांबांवर उचललेली, फळ्यांच्या भिंती, वर धानीपत्तीचं छप्पर. धानी म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारा एक बुटका पाम, त्याची पानं शाकारायला वापरतात. मागं जंगल, पुढं केवड्याची जाळी आणि मग वाळू. सोलरवर दोन दिवे, एक पंखा. शेजार नाही. राखणदाराचं घर हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. सासूबाईंनी भोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "म्हशी कुठं बांधतात?" रोजचे 2,200 रुपये भाडं होतं हे आम्ही त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.

आता पाणी. हे मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण जाहिरातीत याचा उल्लेख नसतो. अंदमानात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे पडतो तो त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. मला वाटलं होतं, तिथं पाण्याला काय तोटा! पण लहान बेटाला ना मोठी नदी, ना धरण. मे ते डिसेंबर पडलेलं पाणी बरंचसं समुद्राला जातं, उरलेल्यावर जानेवारी ते एप्रिल काढायचे असतात. विहिरीतून जास्त उपसा झाला तर खालून खारं पाणी चढतं. आणि पर्यटक जातात ते नेमके याच कोरड्या महिन्यांत. पहिल्याच संध्याकाळी डुंगीवाला मला तेलुगूत म्हणाला, "नीळ्ळु तक्कुवा," पाणी कमी आहे. माणशी दोन बादल्या, प्यायचं वेगळं. हे ऐकून मला हसूच आलं. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावच्या बाईला हे सांगतोस! आम्ही माणशी दीड बादलीत भागवलं. सासूबाई तांदूळ धुतलेलं पाणी नारळाच्या रोपाला घालायच्या. आमच्या आधी कुठल्या मोठ्या शहरातलं जोडपं येऊन गेलं होतं, त्यांनी शॉवर नाही म्हणून दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवला होता म्हणे. एवढ्या एका बाबतीत सोलापूरकर जन्मतः तयार असतो.

ज्याची तयारी नसते ती म्हणजे दमट हवा. आपल्याकडे 43 अंशांत घाम येतो आणि वाळतो. तिथं 30 अंशांत येतो आणि अंगावरच राहतो. मी महिनाभर टिकतील म्हणून कडक भाकऱ्यांची चवड नेली होती. तिसऱ्या दिवशी त्या मऊ पडून पापडासारख्या वाकायला लागल्या. मीठ पाघळलं. राखणदाराच्या बायकोनं भाकऱ्या चुलीवर पुन्हा शेकून दिल्या तेव्हा कुठं दाताखाली आवाज आला. शेंगाचटणी मात्र टिकली, आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडली. आमच्याकडे मांसमच्छी चालत नाही आणि तिथं शाकाहारी म्हणजे भात, डाळ, कच्ची पपई, केळफूल. बाजार गावात, आणि गावातला भाजीपालाही बोटीवर अवलंबून. रोज तेच जेवायची तयारी ठेवा.

आणखी एक, धंद्याशी गद्दारी करून सांगते. टॉवेल नेऊ नका. सोलापुरी टेरी टॉवेल तिथं एकदा ओला झाला की चार दिवस वाळत नाही, वास येतो तो वेगळाच. चादरीचंही तेच. माणशी दोन पंचे न्या आणि अंगावर घ्यायला पातळ सुती काही.

अंधार लवकर पडतो. घड्याळ आपलंच, पण बेटं आपल्यापासून सतरा रेखांश पूर्वेला, म्हणजे सूर्य तासाभरानं आधी. फेब्रुवारीत साडेपाचच्या आत मावळलेला असतो. सहा वाजता मिट्ट काळोख, जेवण सातला, आणि पुढं काय? पहिल्या रात्री आमचे हे मोबाईल वर धरून अंगणभर फिरले. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्रतळाची केबल टाकली तिचा एक फाटा लाँग आयलंडलाही आलाय, पण रेंज गावात. झोपडीत नाही. दुसऱ्या रात्री त्यांनी फोन पिशवीत ठेवला आणि लेकीला भेंड्या शिकवल्या. अमावास्या जवळ होती. लेक पाण्यात पाय घालून उभी राहिली तर पायाभोवती निळसर ठिणग्या. पाण्यातले सूक्ष्म जीव हलवले की चमकतात, तेच ते. चांदण्यात हे फारसं दिसत नाही, म्हणून तारखा ठरवताना कॅलेंडरात अमावास्या बघा. लोक पौर्णिमा शोधतात.

कंटाळा येतो का? येतो. तिसऱ्या दुपारी मला आलाच. समुद्र तोच, जेवण तेच, वाचायला नेलेलं संपलं. सासूबाईंना आला नाही. त्यांचं बालपण बार्शीकडच्या वस्तीवर गेलेलं. त्या राखणदारिणीच्या ओसरीत जाऊन बसायच्या. एकीला मराठी येत नाही, दुसरीला बंगाली, तरी दोघी तास-तास काय बोलायच्या देव जाणे.

आता त्रासाचं. वाळूत सॅन्डफ्लाय असतात, डासाहून बारीक, चावल्याचं लगेच कळत नाही आणि मग आठवडाभर खाजवत बसायचं. उघड्या वाळूवर लोळू नका. अंगाला खोबरेल तेल चोपडलं तर बराच फरक पडतो. तिथली घोण, म्हणजे मोठी गोम, वीतभर असते. सकाळी चप्पल-बूट झटकूनच घाला. जंगलात वाघ-बिबट्या नाहीत, पण खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, खाडीच्या तोंडाशी आणि तिवरांत. हॅवलॉकला 2010 मध्ये एका पर्यटक बाईचा मगरीनं जीव घेतला होता. स्थानिक माणूस "इथं उतरू नका" म्हणाला तर वाद न घालता ऐका. आणि शंख. सासूबाईंनी देवघरासाठी एक देखणा शंख पदरात बांधला होता. प्रवाळ आणि कित्येक शंख 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, विमानतळावर सामानातून काढून घेतात, वर चौकशी वेगळी. मी समजावलं तर म्हणाल्या, "देवाला न्यायचा तर कोण अडवतंय?" शेवटी लेकीनं दाखवलं की आत खेकडा आहे. पाठीवर शंखाचं घर घेऊन हिंडणारा. तेव्हा त्यांनी तो स्वतः जाऊन वाळूत ठेवला.

राखून ठेवलेल्या दोन दिवसांचं. आमच्या परतीच्या सकाळी वारा सुटला, समुद्र उचलला, बोट आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आली. आमचं विमान त्याच्याही पुढच्या दिवशी होतं म्हणून निभावलं. जेटीवर एक तरुण जोडपं होतं, त्यांचं विमान त्याच संध्याकाळचं. बाई रडत होती, नवरा फोनवर कुणावर तरी ओरडत होता. बोटीची वेळ छापलेली असली तरी हवा बघून बदलते, हे तिथलं लहान मूलही जाणतं. झोपडीच्या मुक्कामानंतर लगेच विमान कधीच ठेवू नका. रोख पैसेही जास्त बाळगा, अडकलो त्या रात्री आम्हाला तेच कामी आले.

आईंबद्दल. न्या. पण तीन गोष्टी आधी बघा. गुडघे: डुंगीत चढ-उतार हलत्या पाण्यात असते, ओहोटीला कधी गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. औषधं: बेटावर सरकारी दवाखाना आहे, पण मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं आणि वाटेत तीच बोट. बीपी-शुगरच्या गोळ्या ठरल्यापेक्षा आठवडाभराच्या जास्त घ्या, त्याही दोन वेगळ्या पिशव्यांत. हृदयाचा त्रास असेल तर हे बेट नको, शहीद द्वीपला जा, तिथं बोटी जास्त. तिसरं संडास: झोपडीला लागून आहे का, रात्री पायऱ्या उतरून जावं लागतं का, हे विचारायला लाजू नका. आमच्या इथं सात पायऱ्या होत्या. सासूबाईंसाठी मी रात्री दोनदा उठायची, हातात बॅटरी.

पैसे भरण्याआधी झोपडीवाल्याला स्वतः फोन करा. फोटो मागू नका, सगळे सारखेच असतात. विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यापर्यंत गोडं राहतं, एवढं विचारा. आमच्या माणसानं न विचारता सांगितलं होतं, "मार्च के बाद मत आना, दीदी."