ब्रँडन नेमकं तिथेच का वसलं आणि कशावर वाढलं

तुमच्या भावाला कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या ब्रँडन शहरात, मांस प्रक्रिया कारखान्यात नोकरी मिळाली आहे. प्रांताची राजधानी विनिपेगपासून दोनशेएक किलोमीटरवर, सपाट माळावर हे शहर का उभं राहिलं आणि त्याला पुढे भवितव्य आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे, असं माझं ठाम मत. पण ते पटवून द्यायला 1881 पासून सुरुवात करावी लागेल.

त्या वर्षी कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ विनिपेगहून पश्चिमेला सरकत होते. वाफेच्या काळात ठरावीक अंतरावर इंजिन आणि गाडीवरची माणसं बदलावी लागत. असं मोठं ठाणं जिथे पडेल तिथे गाव वसणार, हे उघडच होतं. असिनिबोइन नदीकाठी ग्रँड व्हॅली नावाची वस्ती आधीपासून होती. सांगतात की मुख्य अभियंता थॉमस रॉसर यांनी तिथल्या मॅकव्हिकर बंधूंना जमिनीचे 25,000 डॉलर देऊ केले, बंधूंनी 50,000 मागितले, आणि रॉसर उठून गेले. नदीच्या पलीकडच्या अंगाला, थोडं पश्चिमेला त्यांनी ठाणं आखलं. तेच ब्रँडन. ग्रँड व्हॅली ओस पडली.

हा किस्सा हावरटपणाची शिक्षा म्हणून रंगवला जातो, ते मला अजिबात पटत नाही. खुद्द रॉसर यांना 1882 मध्ये रेल्वेने काढून टाकलं, ते मार्ग कुठून जाणार याची आतली माहिती वापरून जमिनीचा सट्टा केल्याच्या कारणावरून. शहराचा मुख्य रस्ता मात्र आजही रॉसर अव्हेन्यू. शिवाय ही सगळी भूमी 1871 मध्ये ब्रिटिश राजसत्तेशी झालेल्या ‘दुसऱ्या करारा’खाली (ट्रीटी 2) मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती. 1895 पासून 1972 पर्यंत त्यांच्या मुलांना घरांपासून तोडून ठेवणारी निवासी शाळा ब्रँडनलाच चालली, आणि तिथल्या नोंद नसलेल्या कबरींचा शोध अजून चालू आहे. भावाला हे माहीत असायला हवं.

1882 मध्ये ब्रँडन ना खेडं ना कसबा, थेट शहर म्हणून नोंदलं गेलं. त्याच वर्षी मॅनिटोबातला जमिनीच्या भावांचा फुगा फुटला. तरी ब्रँडन तगलं ते गव्हामुळे. 1888 मध्ये इथे सरकारी प्रायोगिक शेत सुरू झालं. इथला उन्हाळा फार तोकडा, पीक तयार होण्याआधीच हिमाचा तडाखा बसायचा. पुढे मार्क्विस हे लवकर पिकणारं वाण आलं आणि सगळ्या प्रेअरीचं, म्हणजे कॅनडाच्या गवताळ मैदानी पट्ट्याचं, नशीब पालटलं. त्या वाणात रेड फाइफ या जुन्या कॅनेडियन गव्हाबरोबर हार्ड रेड कॅलकटा या भारतीय गव्हाचं रक्त आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. 1899 मध्ये बॅप्टिस्टांनी कॉलेज काढलं, 1967 मध्ये त्याचं विद्यापीठ झालं. कॅनडाच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा पाया घालणारे टॉमी डग्लस याच कॉलेजात शिकले. आसपासच्या दूरदूरच्या गावांतली माणसं दवाखाना, शिक्षण, बाजार यांसाठी इथेच येतात. माझ्या मते शहराचा खरा कणा हाच.

अलीकडची मोठी उडी 1999 ची. मेपल लीफ या कंपनीचा डुकराच्या मांसाचा कारखाना सुरू झाला. काम कष्टाचं, सतत थंडीत उभं राहून सुरी चालवायचं. स्थानिक माणसं टिकेनात. मग मेक्सिको, एल साल्वादोर, चीन, युक्रेन, मॉरिशसहून कामगार आणले गेले. प्रांताच्या नामांकन योजनेमुळे पुष्कळांना कायम वास्तव्य मिळालं आणि त्यांची कुटुंबं आली. 2001 च्या जनगणनेत 39,716 असलेली लोकसंख्या 2021 मध्ये 51,313 झाली. नोकरी एकाच मालकावर अवलंबून ठेवायची नसेल, तर भावाने संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग किंवा एखादा कौशल्याचा अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी धरावा.

घर बघताना नदीच्या सखल भागात भाडं कमी दिसलं तरी आधी पुराची चौकशी करा. 2011 मध्ये असिनिबोइनला विक्रमी पूर आला होता, बांध उंच करावे लागले, शेकडो लोकांना घरं सोडावी लागली. दक्षिणेकडची उंचावरची वस्ती बरी. आणि जानेवारीत पारा उणे 30 च्या खाली जातो, तेव्हा गाडी घेतली तर इंजिन गरम ठेवायचा हीटर आणि जवळ विजेचा प्लग आहे ना, हे भाडेकरार करण्याआधीच विचारा.