सरकारचा आरोग्यावरचा खर्च खरंच तिप्पट झाला का?

कागदावर हो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार (म्हणजे देशातल्या आरोग्यखर्चाचा सरकारी हिशेब) २०१३-१४ मध्ये केंद्र आणि राज्यं मिळून दरडोई १,०४२ रुपये खर्च करत होती, २०२१-२२ मध्ये ३,१६९. पण या आठ वर्षांत किरकोळ बाजारातल्या किमती साधारण ४५ टक्क्यांनी वाढल्या. तेवढी महागाई वजा केली की २०२१-२२ चे ३,१६९ म्हणजे २०१३-१४ च्या हिशेबाने जेमतेम २,२०० रुपये. म्हणजे तिप्पट नाही, दुप्पट. तेही वाईट नाही म्हणा! फक्त २०२१-२२ हे कोविड लसीकरणाचं वर्ष होतं, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला आहे. जीडीपीतला वाटा पाहिला तर १.१५ वरून १.८४ टक्के, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात उद्दिष्ट होतं २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं.