जिवाणूंवर आणि विषाणूंवर एकच औषध का नाही?

प्रश्न : पावसाळ्यात घरात कोणाला ताप आला की डॉक्टर ‘व्हायरल आहे, अँटिबायोटिक नको’ म्हणतात आणि पुढे छातीत कफ भरला की तेच अँटिबायोटिक लिहून देतात. दोघांवर चालणारे एकच औषध का बनवत नाहीत? तोवर कपाटात उरलेल्या गोळ्या घेतल्या तर काय बिघडते?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : डॉक्टरांच्या या दोन सल्ल्यांत विसंगती नाही. फ्लूच्या विषाणूने श्वासमार्गाचे अस्तर दुखावले की जिवाणूंचे फावते. १९१८ च्या साथीतील बहुतेक मृत्यू असे मागाहून झालेल्या न्यूमोनियाचेच होते.

खरी अडचण आहे ती नेम कशावर धरायचा याची. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पन्नासच्या दशकापासून तयार होऊ लागलेले पेनिसिलिन जिवाणूला पेशीभित्तिका उभारू देत नाही. विषाणूला अशी भित्तिकाच नसते आणि प्रथिने तो आपल्याच पेशीला राबवून तयार करून घेतो. त्यामुळे विषाणूंवरची बहुतेक औषधे एखाद्या ठरावीक विषाणूपुरतीच बेतलेली असतात. नागिणीवरचे असायक्लोव्हिर डेंग्यूला उपयोगी पडत नाही. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन हा एक मजेशीर अपवाद आहे, कारण प्रयोगशाळेत ते देवीच्या कुळातील व्हॅक्सिनिया विषाणूची जुळणीही रोखते. मात्र त्यासाठी मात्रा फार मोठी लागते.

दोघांत समान असते ते मेदाचे पातळ पटल. फ्लू, करोना, डेंग्यू यांच्या विषाणूंवर पेशीतूनच उचललेले असे आवरण असते. निरोगी पेशी फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा ऋणभारित मेद पटलाच्या आतल्या बाजूला राखते. विषाणूजवळ ती सोय नसल्याने हा मेद बाहेरही उघडा पडतो. जिवाणूंचे पटलही बाहेरून ऋणभारित असते. आपले शरीर एलएल-३७ सारखी धनभारित पेप्टाइडे (प्रथिनांसारख्याच, पण आखूड रेणूसाखळ्या) बनवते, ती अशा पटलाला चिकटून त्याला भोके पाडतात. शरीरातील विकरे (एन्झाइम) पेप्टाइडांचे लवकर तुकडे करतात, म्हणून संशोधक त्यांच्याच घडणीची, पण विकरांना सहजी न तुटणारी ‘पेप्टॉइड’ रेणूसाखळी तयार करत आहेत.

तरीही मात्रा थोडी चुकली की आपल्याच तांबड्या पेशी फुटण्याचा धोका राहतो. शिवाय पोलिओ किंवा सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस यांना मेदाचे आवरणच नसल्याने ते यातून निसटतात. म्हणून माझ्या मते अशी औषधे आधी मलम किंवा नाकातील फवारा या रूपात येतील. पोटात घ्यायच्या गोळीची वाट बरीच लांबची आहे.

उरलेल्या गोळ्या मात्र घेऊ नका. डेंग्यूवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही, उलट आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे माजतात. ताप टायफॉइडचा असेल, तर अशा अर्धवट डोसांमुळे रक्ताच्या कल्चरमध्ये जिवाणू न वाढण्याची आणि निदान हुकण्याची शक्यता असते. गोळ्या आधीच घेतल्या असतील, तर त्यांचे नाव आणि किती घेतल्या ते रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा.