स्टॉक स्टिरिओवर नवीन स्पीकर घेताय? ३०० वॉटच्या नादी लागू नका

म्हणजे गाडीसोबत आलेला स्टिरिओ तसाच ठेवायचाय, पुढच्या दारातले स्पीकर आवाज वाढवला की फाटल्यासारखे वाजतात आणि कुणीतरी सांगितलंय की ३०० वॉटवाले टाक, बरोबर? थांबा जरा, अजून काही घेऊ नका.

आधी स्पीकरच गेलेत का ते बघा. बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढे-मागे) फिरवून एकेक कोपरा एकटा वाजवून ऐका. दार उघडझाप करताना आवाज येतो-जातो असं असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर तुटत आलेली असू शकते. चारही कोपरे एकाच व्हॉल्यूमला फाटत असतील तर डेकच (म्हणजे स्टिरिओच) दमलाय, त्यात स्पीकरचा काय दोष. स्पीकर बाहेर काढल्यावर कोन (समोरचा हलणारा पडदा) बोटांनी सगळीकडून सारखा दाबून हळूच आत ढकला, खरखर लागली तर आतली कॉइल (तारेची गुंडाळी) घासतेय. जुन्या स्पीकरच्या कडेचा फोम तर कधीकधी हात लावताच भुगा होतो, मग पुढे काही तपासायलाच नको.

आता वॉट. डेकवर ५० x ४ (चार स्पीकर, प्रत्येकी ५० वॉट) लिहिलेलं असतं ना, तो आकडा कुठून येतो माहितीये का? इंजिन चालू असताना व्होल्टेज साधारण १४.४ धरा, ४ ओमच्या (ओम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) स्पीकरवर ते पूर्ण चौकोनी होईपर्यंत फाटलेल्या सिग्नलने ढकललं तर हिशोबाने ५२ वॉटच्या आसपास येतात. स्वच्छ सिग्नल घ्या, तोच आकडा निम्मा होतो, २६, आणि चिपमधला तोटा गेला की हातात १८-२० वॉट आरएमएस (सतत मिळणारी पॉवर) राहतात. म्हणजे खोक्यावर ३०० असो की ५००, तुमच्याकडे द्यायला आहेत २०च. खोक्यावरचा मोठा आकडा पीकचा (क्षणभराचा) असतो, तो बघूच नका, आरएमएस बघा, आणि त्याहीपेक्षा सेन्सिटिव्हिटी बघा.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट पॉवर, त्यामुळे ८७वाला स्पीकर २० वॉटवर जेवढा वाजेल तेवढा ९०वाला १० वॉटवरच वाजतो. स्टॉक डेकवर मी ९०च्या खाली जात नाही. यात एक गोम आहे, काही कंपन्या हा आकडा २.८३ व्होल्टवर देतात, ४ ओमला ते २ वॉट होतात, म्हणजे ३ डेसिबल फुकट वाढलेले दिसतात. दोन मॉडेलची तुलना करताना दोन्हीचा आकडा एकाच पद्धतीने काढलाय ना ते बघा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

ओमचं पण बघा. काही गाड्यांत वेगळा ॲम्प (ॲम्प्लिफायर) असतो आणि स्पीकर २ ओमचे. जुना स्पीकर सोडवून मल्टीमीटर लावा, साडेतीनच्या आसपास आलं तर ४ ओमचा, दोनच्या खाली आलं तर २ ओमचा. २च्या जागी ४ टाकला तर जळणार काही नाही पण आवाज कमी वाटेल. उलटं मात्र करू नका, डेक तापेल.

साइजला ६.५ इंच म्हटलं की झालं असं नसतं, स्पीकर बसायच्या जागेची खोली मोजा, आणि ती मोजताना काच पूर्ण खाली करा. मी हे केलं नव्हतं. नवे स्पीकर बसवले, पॅनल लावलं, खुशीत काच खाली केली आणि ती मॅग्नेटवर टेकून अडकली. सगळं परत काढून खाली अॅडॉप्टर रिंग टाकावी लागली. मूळ वायरी कापू नका, कनेक्टरला कनेक्टर जोडणारं हार्नेस मिळतं.

कंपोनंट (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, वेगळा असलेला सेट) की दोन्ही एकातच असलेला कोअॅक्सिअल? डॅशवर किंवा काचेच्या कोपऱ्यात ट्विटरची जागा असेल तर कंपोनंट, नसेल तर कोअॅक्सिअल घ्या, भोकं पाडत बसू नका. मागचे सध्या राहू द्या.

आणि दार. ह्यावर लोक वेळच देत नाहीत आणि खरा फरक इथेच पडतो. कोनच्या मागून निघालेला आवाज पुढच्या आवाजाच्या उलटा असतो, दाराच्या पत्र्याला मोठी भोकं उघडी असली की दोन्ही एकमेकांना खातात आणि बेस गायब. भोकं बंद करा, बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (थरथर कमी करणारी) लावा, स्पीकर आणि पॅनलच्या मध्ये फोमची रिंग द्या. पाणी अडवायला जे प्लास्टिक लावलेलं असतं ते फाडून फेकू नका हां, नीट परत चिकटवा. निथळायची खालची भोकं तेवढी उघडी राहू द्या. डेकमध्ये हाय पास (खालचा बेस गाळणारं फिल्टर) असेल तर ८० हर्ट्झला लावा, छोट्या स्पीकरवरचं ओझं लगेच उतरतं.

सगळं बसवून बेस पातळच वाटला तर बॅलन्स एका बाजूला न्या. एकटा स्पीकर भरदार आणि दोन्ही मिळून पोकळ असं असेल तर एकाची प्लस-मायनस उलटी लागलीय. मी दोन आठवडे तसाच फिरलो होतो, वर स्पीकरलाच शिव्या घालत.

खोली आणि ओम मोजून सांगा, मग मॉडेलचं बोलू.