दगडफूल फुकट नसतं

नमस्कार. तुमचं पत्र वाचलं.

तुमची मुलगी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. दगडफुलातली औषधी द्रव्यं ॲसिटोनसारखे द्रावक न वापरता कशी काढायची, यावर तिला पुढे संशोधन करायचंय. तुम्ही तिला न विचारता एमपीएससीच्या क्लासची फी भरलीत. वर लिहिता, ‘एवढाच नाद असेल तर घरीच अर्काचं युनिट टाकू, डोंगरात दगडफूल फुकट आहे.’

तिला 68 टक्केच पडतात असं तुम्ही लिहिलंत, पण मला काळजी त्याची वाटली नाही. पत्राच्या तळाशी तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘हल्ली ती जेवताना बोलत नाही.’ खरं पत्र तेवढंच आहे. तिला स्वतःचा विषय सापडलाय आणि तुम्ही त्याला नाद म्हणता. ती गप्प बसेल नाहीतर काय करेल? फी गेली तर जाऊ द्या, ती वसूल करण्यासाठी तिची दोन-तीन वर्षं खर्ची घालू नका.

युनिटचा विचार तर सोडूनच द्या. ॲसिटोन वगळलं की अर्क पर्यावरणस्नेही झाला, असं नसतं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवालाचा एकत्र संसार, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढणारा. झाडाच्या खोडावरून पोती भरभरून खरवडलंत तर ते खोड वर्षानुवर्षं उघडं राहील. ॲसिटोनच्या जागी कार्बन डायऑक्साइड वापरता येतो: 31 अंश तापमान आणि 74 बार दाबाच्या वर तो द्रावकासारखा वागतो, दाब काढला की उडून जातो. पद्धत सुंदर आहे, पण ते यंत्र घरामागच्या शेडमध्ये चालवायचं नसतं. आणि नैसर्गिक म्हणजे बिनधोक नव्हे. दाढीसारख्या लोंबणाऱ्या दगडफुलातलं अस्निक आम्ल जंतू मारतं, पण ते घातलेल्या वजन घटवायच्या गोळ्यांनी लोकांची यकृतं बिघडली आणि 2001 साली अमेरिकी सरकारला इशारा द्यावा लागला. थोड्या दगडफुलातून जास्त द्रव्य कसं निघेल, त्यातलं काय आणि किती चालेल, हे शोधायला शिक्षण लागतं. तेच ती मागतेय.

जॅम, गेट, नेट या पुढच्या शिक्षणाच्या आणि संशोधनाच्या परीक्षा तिला ठाऊक असतीलच. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये मिळतात. तिला एवढंच सांगा, एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, आत्तापासून हात बसव.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत दगडफुलांवर बरंच काम झालंय. आधी परवानगी काढून एक दिवस तिला तिथे घेऊन जा. प्रश्न तिला विचारू द्या, तुम्ही बाहेर बसा. परतीच्या वाटेवर ती आपणहून बोलू लागली, तर मधे एमपीएससी काढू नका.