फ्रान्समधल्या नीम शहराच्या रोमन नाण्यावर मगर का आहे?

ती मगर म्हणजे जिंकलेला इजिप्त. इ.स.पू. ३१ मध्ये ॲक्टियमच्या समुद्री लढाईत ऑगस्टसने (पुढे रोमचा पहिला सम्राट) रोमन सेनापती अँटनी आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा यांना हरवलं, पुढच्याच वर्षी इजिप्त रोमच्या ताब्यात आलं, आणि नीमच्या, म्हणजे तेव्हाच्या नेमाउसुसच्या टांकसाळीने तो विजय तांब्याच्या मिश्रधातूच्या नाण्यांवर उतरवला. खूण नाण्यावरच दिसते: मगर ताडासारख्या झाडाला साखळदंडाने बांधलेली आहे, नुसती फिरत नाही. दोन्ही बाजूंना ‘कोल’ आणि ‘नेम’ ही अक्षरं, म्हणजे नेमाउसुसची वसाहत. दुसऱ्या बाजूला ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिप्पा पाठीला पाठ लावून आहेत. अग्रिप्पाच्या मुकुटावर जहाजाची चोच, म्हणजे शत्रूच्या जहाजाला धडक द्यायचं पुढचं टोक, नीट बघा, ॲक्टियमला आरमार त्याच्याच हाताखाली होतं. तुमच्या नाण्यावर ‘पी पी’ ही जादा अक्षरं असतील तर ते इ.स.पू. २ नंतरचं, कारण ‘राष्ट्रपिता’ हा किताब ऑगस्टसला त्या वर्षी मिळाला.

नाणं अर्धंच असेल तरी टाकून देऊ नका! सुटे पैसे कमी पडले की ही नाणी दोन डोक्यांच्या मधोमध तोडून वापरत, आणि असे तुकडे ऱ्हाइन नदीकाठच्या सैनिकी छावण्यांत भरपूर सापडलेत.

एक मात्र सांभाळून घ्या: इजिप्तमध्ये लढलेल्या सैनिकांना नीमला जमिनी दिल्या म्हणून मगर आली, ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण तिला पक्का पुरावा नाही.